रजेच्या अर्जातल्या सासूबाई

जेवणाचं टेबल दोनदा पुसून झालं, तरी अण्णांनी त्यावरून तळहात फिरवून पाहिला. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा डाग नाही, अशी खात्री पटल्यावरच त्यांनी खिशातून ते पत्र काढलं. चार दिवस ते उशीखाली होतं. आईला वाटत होतं, पेन्शनचं काहीतरी असेल. धाकटीला वाटत होतं, तसंच असू दे.

तसं ते नव्हतं.

पत्र एका वकिलाचं होतं. तीन वर्षं दुरुस्तीच्या नावाखाली कुलूप घातलेला सार्वजनिक पोहण्याचा तलाव आणि त्याच्या भोवतीची जागा सेहेचाळीस वर्षांपूर्वीच एका खासगी संस्थेच्या नावावर झालेली आहे, असं त्या संस्थेचं म्हणणं होतं. पुरावा म्हणून नोंदणी कार्यालयातली जुनी नोंदवही, पान अठ्ठ्याऐंशी, नोंद तिसरी. ती नोंद ज्याच्या अक्षरात होती तो कारकून अजून हयात असल्याने, ‘सदर नोंद माझ्याच हस्ताक्षरातील असून सहीही माझीच आहे’ एवढं त्याने लिहून द्यावं. सोमवारी सकाळी अकराला माणूस येईल.

हयात कारकून म्हणजे अण्णा. वय वर्षं ब्याऐंशी. त्यातली पस्तीस त्या कार्यालयात गेलेली.

आणि तलाव मुळात गेला कुठे, याच्या मागे चार महिने हात धुऊन लागलेली साप्ताहिकाची बातमीदार म्हणजे त्यांची धाकटी लेक. तिनेच त्या पानाची नक्कल काढून आणली होती, ‘खरी नक्कल’ असा गोल शिक्का मारलेली. बापाचं अक्षर तिने शिक्का सुकायच्या आत ओळखलं होतं. तेच ताठ काने, तीच शेवटी शेपूट ओढलेली वळणं. खाली तीच सही: आडवी रेघ, रेघेखाली ठिपके. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ही सही यावी म्हणून ती लहानपणी किती थापा मारून बसली होती!

“आता सगळे जमलोच आहोत,” ताई म्हणाली, “तर एकेकाने बोला. एकदम नको.”

ताई दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आणि स्वतःचा आवाज चालू, ही तिची वीस-पंचवीस वर्षांची सवय. आजची बैठकही तिनेच बोलावली होती. जमलेले सगळे म्हणजे अण्णा, आई, दोघी बहिणी आणि मामा. मामाला कोणी बोलावलेलं नव्हतं. पण दर रविवारी पत्ते खेळायला येणारा माणूस दारातून परत कसा पाठवायचा? मामा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आला होता आणि डोळ्याला लावायचं काळं भिंग अजून शर्टाच्या खिशात बाळगायचा. ऐकू त्याला कमी यायचं, म्हणजे ऐकू नये ते सोडून बाकी सगळं.

“मी काय म्हणते,” ताईने स्वतःच सुरुवात केली, “ही बातमी तू सोड.”

“झालं एकेकाचं बोलून,” धाकटी म्हणाली.

“अगं, ऐक तरी. ही नोंद खोटी आहे, मागाहून घुसवलेली आहे, असंच तू सिद्ध करणार ना?”

“केलंय. दर महिन्याला कार्यालयातून वर गोषवारा जायचा, कुठल्या दिवशी किती नोंदी. तो वरच्या दप्तरात अजून आहे. त्या दिवशीच्या नोंदी दोन. वहीत तीन.”

“मग तिसरी कोणी घातली? ज्याचं अक्षर त्याने. लोक असंच म्हणणार. तुझ्या बातमीने तलाव सुटेल, अण्णा अडकतील. ब्याऐंशीव्या वर्षी!”

धाकटीने पाण्याच्या पेल्याकडे हात नेला, मग टेबलावर कागद आहेत हे आठवून मागे घेतला. ताईचं म्हणणं तिला नवीन नव्हतं. गेल्या बुधवारी संपादकबाईंनी हेच शांतपणे सांगितलं होतं आणि बातमीवरून तिचं नाव काढलं होतं. लिहिणार दुसरंच कोणी; तिने फक्त कागद द्यायचे. आणि बातमीदाराचे वडील यात आहेत, ही गोष्ट पहिल्याच परिच्छेदात यायची. बाईंचं बरोबर होतं. म्हणूनच तो दिवस तिला जास्त जड गेला.

“तिसरी नोंद मावली कशी, ते सांगतो,” अण्णा एकदम म्हणाले. चार दिवसांत ते कार्यालयाबद्दल पहिल्यांदाच बोलत होते. “वरच्या दोन नोंदी बदली कारकुनाच्या आहेत. त्या आळशाने खालची मोकळी जागा छेदलीच नाही. मी असतो तर लाल शाईने तिरकी रेघ मारली असती. कागदावर मोकळी जागा ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं.”

ही रेघ घरात सगळ्यांना पाठ होती. वाणसामानाच्या यादीखाली ती असायची. मुलींच्या निबंधाच्या वहीत असायची. ताईच्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेचा मसुदा छापखान्यात गेला तोही लाल रेघ मारून, आणि छापखानेवाल्याने ती नक्षी समजून छापली.

“‘मी असतो तर’ म्हणालात,” धाकटी हळूच म्हणाली. “म्हणजे नव्हता.”

अण्णांनी टेबलावरचं आपलं वाचायचं भिंग उचललं, नकलेवर धरलं. “अक्षर तर माझंच दिसतंय.”

“अण्णा, तारीख बघा. माझ्या जन्माची तारीख आहे. तुम्ही हॉस्पिटलात होता.”

“तू झालीस दुपारी चारला. सकाळी जाऊन आलो असेन.”

“असेन?”

“सेहेचाळीस वर्षं झाली. आठवायला मी काय नोंदवही आहे?”

हे ऐकून आईनेसुद्धा विणकाम थांबवलं. कारण अण्णा नोंदवहीच होते. कुठल्या वर्षी कुणाच्या घरी कुठल्या रंगाचा पडदा होता ते सांगणारा माणूस स्वतःच्या मुलीच्या जन्माचा दिवस विसरला, यावर घरातल्या मांजरानेही विश्वास ठेवला नसता.

“मग द्या लिहून,” ताई म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. “नाहीतर सांगा, नाही देत. एक काहीतरी.”

“मामा, तुम्ही तरी बोला,” धाकटी म्हणाली.

“मी काय बोलू? मला त्या तलावात पहिल्यांदा भाऊजींनी ढकललं होतं. तेव्हापासून मी तलावाच्या विरुद्ध आहे,” मामा म्हणाला. “पण बंद करावा असंही नाही. माणसाला बुडायला कुठेतरी जागा हवी.”

कुणी हसलं नाही. अण्णा भिंगातून त्याच त्याच ओळीवरून जात राहिले.  धाकटीला ते बघवेना. ती उठली.

“ताई, जरा आत ये. चहा टाकू.”

स्वयंपाकघरात तिने चहा टाकला नाही. ओट्यावर पिशवी ठेवली, आतून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला आणि ताईच्या हातात दिला.

“शुक्रवारी मिळाला. आस्थापना शाखेत रजेच्या अर्जांचे गठ्ठे आहेत. माहितीचा अर्ज टाकला होता. गठ्ठा उघडून देणाऱ्या बाई म्हणाल्या, हे बघायला पहिलंच कुणीतरी आलंय.”

ताईने चष्मा कपाळावरून खाली ओढला. अक्षर अण्णांचं, तरुणपणीचं, जरा घाईतलं.

‘महोदय, माझ्या सासूबाईंचे आज पहाटे अल्पशा आजाराने निधन झाले असल्याने मला आज व उद्या अशी दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.’

खाली सही. सहीखालची मोकळी जागा लाल रेघेने छेदलेली.

ताईने तारीख पाहिली. परत वाचलं. मग तोंडावर हात दाबून ती ओट्याला टेकली आणि तिचे खांदे हलायला लागले. धाकटीला आधी वाटलं रडते आहे.

“आजी!” ताईच्या घशातून आवाज फुटला. “अगं, माझ्या लग्नात पहिल्या रांगेत बसून नातजावयाची उंची मोजत होती ती!”

“हळू.”

“अल्पशा आजाराने! तिला कधी सर्दी झाली नाही! आणि थापसुद्धा रेघ मारून!” मग ताई एकाएकी थांबली. “आईला माहीत आहे?”

“नाही. म्हणून तर आत बोलावलं तुला. आता कळलं ना, अण्णा का बोलत नाहीत? रजेवर होतो म्हणाले की अर्ज निघणार. अर्ज निघाला की आजी निघणार.”

“मग अर्ज दाखवूच नको.”

“तोच तर पुरावा आहे. हॉस्पिटलच्या भरतीच्या वहीत त्याच दिवशी सकाळी सव्वानऊला अण्णांची सही आहे, ती मी काढलीय. पण नुसती ती दिली तर ते म्हणतील, सव्वानऊला सही करून साडेदहाला कार्यालयात आले. अर्जाशिवाय दिवस बंद होत नाही. आणि अर्ज दिला की ते आजीच्या मृत्यूची नोंद काढणार. एका अर्जात निघते. तेवीस वर्षांनंतरची! मग म्हणतील, रजेसाठी जिवंत माणूस मारणारा कारकून नोंद घालायला कचरेल का?”

“म्हणजे आपणच आधी सांगायचं.”

“सगळं. खोटं होतं ते खोटं म्हणून. पण ते अण्णांनी सांगायला हवं. मी त्यांच्या उशाला हा कागद कसा नेऊन ठेवू?”

ताईने कागद पाकिटात सरकवला. मघाशी टेबलापलीकडे बसलेली बहीण आता ओट्याच्या अलीकडे होती. “आईला कळता कामा नये,” ती म्हणाली. “बाकी तू म्हणशील ते. तिच्या आईवरून तिला कुणी काही बोललेलं चालत नाही, आणि हे तर—”

“काय कळता कामा नये?”

दारात मामा उभा होता. हातात रिकामा पेला. पाणी प्यायला आला होता, पण नजर पाकिटावर. दोघी बहिणी काही बोलायच्या आत त्याने खिशातलं काळं भिंग डोळ्याला लावलं आणि बंद पडलेल्या घड्याळावर वाकावं तसा तो कागदावर वाकला. ओठ हलवत त्याने अर्ज वाचला. मग भिंग काढलं. ते काढतानाही त्याचा तो डोळा मोठाच राहिला होता.

“माझी आई मेली?” तो ओरडला. “मला कुणी सांगितलं नाही!”

आता चहाचा प्रश्नच उरला नाही.

बाहेर आल्यावर धाकटीने अर्ज अण्णांच्या समोर ठेवला. दुसरा मार्ग नव्हता. मामा आधीच टेबलाभोवती फेऱ्या मारत होता. अण्णांनी अर्ज ओळखायला भिंग घेतलं नाही. दोन्ही हात त्यांनी कागदाच्या दोन बाजूंना ठेवले, वाऱ्याने उडेल म्हणून धरून ठेवावा तसे.

“मिळाला म्हणायचा तुला,” ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. उलट थोडी दाद होती. “कुठल्या गठ्ठ्यात?”

“क-सात.”

“क-नऊमध्ये असायला हवा. चुकीचा लावलाय.”

“भाऊजी!” मामा गरजला. “त्या वर्षी माझी आई गेली असेल, तर पुढची तेवीस वर्षं मला रागावत कोण होतं?”

“बस तू आधी.”

“बसत नाही. जवळचं माणूस म्हणून तुम्हाला माझी आईच मिळाली? तुमचं कुणी नव्हतं?”

“माझे आईवडील आधीच गेले होते. त्यांची रजा खरीखुरी घेऊन झाली होती.”

“मग मी होतो की! मला मारायचं!”

“मेव्हणा जवळच्या नातेवाइकांत धरत नाहीत,” अण्णा म्हणाले. “नियम बघितला होता मी.”

मामा खुर्चीत बसला. नियमाने त्याला जितकं दुखावलं तितकं अर्जानेही दुखावलं नव्हतं.

मग अण्णांनी सांगितलं. आईकडे न बघता, टेबलाच्या कडेला बोट फिरवत. धाकटीच्या वेळी पंधरा दिवस आधीच कळा आल्यासारखं झालं होतं. बाळंतपणाची म्हणून त्यांनी दोन दिवस रजा घेतली. आणि कळा गेल्या.

“मी दोन दिवस घरी बसून कपाट लावलं.”

“माझं कपाट,” आई म्हणाली.  “महिनाभर मला माझा एक कपडा सापडला नाही. सगळं तारीखवार लावलेलं.”

“मग ही खरीच आली त्या दिवशी पहाटे मी साहेबांच्या घरी गेलो. ते म्हणाले, एका बाळंतपणाला एक रजा, ती तुम्ही उपभोगली. मूल वेळेवर आलं नाही त्याला कार्यालय काय करणार?”

“माझी चूक,” धाकटी म्हणाली.

“तुझीच. अजून कुठे वेळेवर येतेस?” अण्णांच्या तोंडावर एक हसू येऊन गेलं. “हॉस्पिटलात तुझी आई एकटी. सासूबाई निघाल्या होत्या, पण पोचायला संध्याकाळ होणार. मी साहेबांच्याच अंगणात, त्यांच्याच पायरीवर बसून अर्ज लिहिला. तो वाचून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. धीर धरा, म्हणाले. मला कार्यालयात कोणी कधी धीर दिला नव्हता. तोही असा मिळाला.”

“मग?” ताईने विचारलं.

“मग तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. चेहरा दुःखी ठेवून. अकरा वाजता सासूबाई स्वतः कार्यालयात हजर. हातात मिठाईचा डबा. मुलगी झाली म्हणून वाटायला.”

“अरे देवा,” ताई म्हणाली.

“साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, आपण? मी म्हणालो... माझ्या तोंडातून निघालं, मावससासूबाई. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. टेबलावरच्या अर्जाकडे बघितलं. मग डब्याचं झाकण उघडून साहेबांपुढे धरलं आणि डोळ्याला रुमाल लावून म्हणाल्या, हो, मी मावशी. बहीण गेली, पण घरात नात आली.”

धाकटीने हे कधी ऐकलं नव्हतं. आजीला ती ओळखायची ती कडक, ताठ, भाजीवाल्याला रडवणारी. रुमाल लावणारी आजी तिला आता पहिल्यांदा दिसली.

“म्हणून!” मामाने टेबलावर थाप मारली. कागद उडाले, अण्णांनी ते दाबले. “म्हणून तुमच्या कार्यालयातले लोक तिला मावशी म्हणायचे! ती गेली तेव्हा तुमचा शिपाई माझ्या गळ्यात पडून ‘मावशी गेल्या’ म्हणून रडला. मी त्याला म्हटलं, तुझी मावशी गेली तर तू इथे काय करतोस?”

या वेळी हसू कुणालाच आवरलं नाही, एकट्या अण्णांना सोडून. ते आता आईकडे बघत होते.

“तुला सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. “जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासले. आणि स्वतःचा असा. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही, मीही नाही. त्या खरंच गेल्या तेव्हा मी निवृत्त झालो होतो. खरी रजा मागायला कार्यालयच उरलं नव्हतं.”

आईने सुया लोकरीच्या गोळ्यात खोचल्या.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“सगळं. आई कार्यालयातून निघाली ती सरळ हॉस्पिटलात आली आणि माझ्या कॉटवर बसून सांगितलं. टाके दुखेपर्यंत हसले मी. नर्स ओरडायला आली, तर तिलाही आईने सांगितलं.”

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. ताईने सवयीने आत डोकावूनही घेतलं असेल.

“सेहेचाळीस वर्षं?” अण्णा म्हणाले.

“वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. आई तर हिच्या दर वाढदिवसाला फोन करून विचारायची, ‘जावई बोलले का?’ मी म्हणायचे, नाही अजून. ती म्हणायची, बोलतील गं, लाजाळू आहेत. बोलले की मला सांग, मी लगेच जिवंत होऊन येते.” आईने चष्मा काढला आणि पदर नव्हे तर विणकामाची कड काचेवरून फिरवली. “तुम्ही फार वेळ लावलात.”

अण्णांनी टेबलावरून पुन्हा एकदा तळहात फिरवला. मग म्हणाले, “कागद आण. रेघा नसलेला. आणि माझं पेन.”

त्यांनी लिहायला घेतलं तेव्हा सगळे उभे राहून बघत होते, आणि ते त्यांना चालत होतं. एक ओळ लिहायची, वाचायची, मग पुढची. पान अठ्ठ्याऐंशीवरील नोंद तिसरी मी केलेली नाही. त्या दिवशी मी पूर्ण दिवस रजेवर होतो. रजेच्या अर्जात दिलेले कारण असत्य होते. माझ्या सासूबाई त्या दिवशी जिवंत होत्या व त्यानंतर तेवीस वर्षे उत्तम प्रकृतीने जगल्या. रजेचे खरे कारण माझ्या दुसऱ्या मुलीचा जन्म हे होते.

“‘उत्तम प्रकृतीने’ कशाला?” ताई म्हणाली.

“वस्तुस्थिती आहे,” मामा म्हणाला. “राहू दे.”

अण्णांनी सही केली. रेघ ओढली. रेघेखाली पेन तीनदा टेकवलं. टक, टक, टक.

धाकटीने ती टकटक ऐकली. लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही होताना ती टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी असायची. तेव्हा टकटक दोनदा व्हायची. याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती, कारण पहिल्या टकला तिचं हृदय थांबायचं आणि दुसरीला सुरू व्हायचं.

तिने रजेचा अर्ज ओढला. रेघेखाली एक ठिपका. हॉस्पिटलच्या वहीची नक्कल. एक ठिपका. मग पान अठ्ठ्याऐंशी.

“मामा, तुमचं भिंग द्या.”

भिंगाखाली रेघ दोरखंडासारखी जाड दिसली. तिच्याखाली ठिपके. एक, दोन, तीन.

“अण्णा, हे ठिपके कसले?”

अण्णा टोपण लावत होते. ते लागेना. “कसले म्हणजे? सवय.”

“माझ्या जन्माच्या दिवशी सकाळी एक होता. माझ्या प्रगतिपुस्तकावर दोन असायचे. आता तीन.”

“असतील.”

“अहो, सांगा की,” आई म्हणाली. “एकदा तोंड उघडलंच आहे, तर आजच सगळं होऊन जाऊ दे.”

अण्णांचे कान लाल झाले. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचे कान लाल होतात हे त्यांच्या मुलींना त्या दिवशी कळलं. “पहिला हिचा,” ते ताईकडे हनुवटी करून म्हणाले. “दुसरा तुझा. तू झालीस, मी तिसऱ्या दिवशी कामावर गेलो, तेव्हापासून. त्यात काय एवढं?”

“आणि तिसरा?” ताईने विचारलं. पण तिला कळलं असावं, कारण तिने खुर्चीची पाठ धरली होती.

“तुझी मुलगी झाली तेव्हा.”

बावीस वर्षांची ती नात दूरच्या शहरात शिकत होती आणि आजोबांच्या सहीत आपण आहोत याची तिला कल्पना नव्हती. तलाव आपण सोडवतो आहोत, याचीही.

“ती झाली तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन किती दिवस झाले होते?” धाकटीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

“दोन वर्षं. चाव्या, वह्या, सगळं मोजून देऊन.”

“म्हणजे तीन ठिपक्यांची सही तुम्ही कार्यालयात कधी केलीच नाही.”

“कशी करणार? मूलच नव्हतं.”

 मग मामाने सगळ्यांच्या वतीने विचारलं, “मग त्या चोरांनी तीन ठिपके आणले कुठून?”

अण्णांनी डोळे मिटले. गठ्ठ्यांमधून बोट फिरवताना ते मिटायचे तसे. “हयातीचा दाखला,” ते म्हणाले. “मी जिवंत आहे असं पेन्शनसाठी दर वर्षी लिहून द्यावं लागतं. त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. अक्षर जुन्या वह्यांतून गिरवलं असेल. सही ताजी मिळाली, ती उचलली.” मग डोळे उघडून जरा अभिमानाने, “अक्षर मात्र छान काढलंय हो.”

ताई आता हसत आणि डोळे पुसत एकदमच होती. “संपलं मग! ठिपके पुरेत. एक ठिपक्याची, दोन ठिपक्यांची, सगळ्या सह्या तिथल्या वह्यांत आहेत. तो रजेचा अर्ज छापायचं कारणच नाही. अण्णा, हा कागद फाडा, ठिपक्यांचा नवीन लिहा.”

धाकटीने रजेच्या अर्जाकडे पाहिलं. तिलाही तो मोह झाला होता.

“नाही,” अण्णा म्हणाले. “ठिपके सांगतात, ही सही तेव्हाची नाही. अर्ज सांगतो, मी तिथे नव्हतो. तुझ्या संपादकबाईंना दोन्ही दे. अर्धं दिलं तर उरलेलं ते लोक शोधतील आणि त्यांच्या पद्धतीने सांगतील. सोमवारी त्यांचा माणूस आला की त्यालाही याचीच प्रत देतो.” ते थांबले. “आणि त्या दिवशी सासूबाई जिवंत होत्या हे कार्यालयात कुठेच लिहिलेलं नाही. राहून गेलंय. एवढं होऊ दे.”

मामाने भिंग परत घेतलं, शर्टाला पुसलं आणि कारण नसताना परत पुसलं.

“हे सगळं ठीक आहे,” आई म्हणाली. “पहिला हिचा, दुसरा तिचा, तिसरा नातीचा. बावन्न वर्षं मी स्वयंपाक करतेय. माझा ठिपका कुठाय?”

अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू एवढं साधं हिला कसं कळलं नाही.

“तू ठिपका कशी असशील? तू रेघ आहेस. लग्नाआधीच्या माझ्या सहीला रेघ नाही. जाऊन बघ हवं तर. रेकॉर्ड आहे.”

 आईने चष्मा लावला, कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि सगळा वाचला, ‘उत्तम प्रकृतीने’पाशी जरा थांबून. सहीपर्यंत आल्यावर रेघेवर तिने करंगळी टेकवली. मग कागदाच्या खालच्या भागाकडे बघून ती चुकचुकली.

“इथे केवढी मोकळी जागा सोडलीत,” ती म्हणाली. “आज विसरलात वाटतं?”

आणि अण्णा उठायच्या आत तिने त्यांच्या खिशातलं लाल पेन काढलं, वाकून, जीभ दाताखाली धरून, सहीखाली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी रेघ मारली. जरा वाकडी गेली. अण्णांनी ती चालवून घेतली.